प्रेशर वॉशरने लाकडाची साल काढायची सर्व्हिस: कर्जत-खालापूरमध्ये हा धंदा बसतो का?

या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय तुमच्याकडूनच आलाय. अमेरिकेतले व्हिडिओ तुम्ही पाहिलेत: सीडरचे ओंडके ओळीने मांडलेत, एक माणूस पाण्याचा फवारा मारतोय आणि साल पट्ट्यापट्ट्यांनी निघून येतेय. पाहायला एकदम भारी. मग प्रश्न येतो, "सर, आपल्याकडे एवढी फार्महाऊस आहेत, मचाण, गझिबो, लाकडी कुंपण सगळीकडे चाललंय. मशीन घेऊन हीच सर्व्हिस दिली तर?"

व्हिडिओत मशीन चालवायचं कसं ते दाखवलंय. इथे मुख्यतः हिशोब बघू, कारण धंदा बसतो की बुडतो ते हिशोबावर ठरतं.

आधी लाकूड समजून घ्या

ते व्हिडिओतलं सीडर आपल्याकडे नाही. खरा सीडर म्हणजे देवदार आणि तो हिमालयात वाढतो. अमेरिकेत ज्याला सीडर म्हणतात ती झाडं बहुतेक वेगळ्याच जातीची असतात. त्यांची साल दोऱ्यांसारखी, लांब पट्ट्यांत सुटते. म्हणून तिकडे पाण्याच्या फवाऱ्याने काम पटकन होतं.

आपल्या कर्जत, नेरळ, खोपोली, चौक पट्ट्यात गोल लाकडाच्या कामाला मुख्यतः निलगिरीचे आणि सुरूचे वासे येतात. काही ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि मालकाच्या स्वतःच्या जमिनीतला साग. प्रत्येकाची साल वेगळी वागते.

- निलगिरी: ताजी तोडलेली असेल तर साल लांब पट्टीत सोलून निघते. सुकली की लाकडाला घट्ट धरते.
- सुरू: साल खरखरीत असते आणि तुकड्यातुकड्यांनी निघते. वेळ जास्त लागतो.
- साग: साल पातळ, पण खालचं बाहेरचं पांढरं लाकूड मऊ. फवारा जवळून मारला तर चरे पडतात.

साल का सुटते? साल आणि लाकूड यांच्या मधे वाढीचा एक पातळ, ओलसर थर असतो. झाड जोमात वाढत असतं तेव्हा हा थर रसाने भरलेला असतो, म्हणून साल सहज सरकते. झाड तोडल्यावर थर सुकतो आणि साल चिकटते. म्हणजे तुमचं अर्धं काम मशीन करत नाही, लाकडाचा ताजेपणा करतो. तोडल्यापासून एक-दोन दिवसांत साल काढायची, हा पहिला नियम. वखारीत चार महिने पडलेला वासा घेऊन कुणी आलं तर रेट वेगळा सांगा.

साल काढायचीच कशाला?

गिऱ्हाईक म्हणेल, "साल राहू दे, गावरान दिसतं." त्याला तीन गोष्टी समजावून सांगा.

एक, सालीखाली ओल अडकते आणि आपल्या पावसात बुरशी धरते. दोन, भुंगे सालीखालीच घर करतात. वाशाखाली बारीक पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं आत काम सुरू झालंय. तीन, वाळवीचं किंवा बोरिकचं औषध सालीतून लाकडात मुरत नाही. साल ठेवून औषध लावलं म्हणजे पैसे सालीला लावले.

हे नीट सांगता आलं तर गिऱ्हाईक भाव कमी पाडायला बसत नाही. त्याला कळतं की हा खर्च पुढच्या मचाणाच्या आयुष्याचा आहे.

मशीनचं कामापुरतं ज्ञान

बाजारात दोन प्रकार दिसतात. घरगुती छोटी मशीन कार्बन ब्रशच्या मोटरवर चालतात. हलकी, स्वस्त, आवाज मोठा. कार धुवायला ठीक, पण दिवसाला पाच तास चालवायला ती नाहीत. दुसरी इंडक्शन मोटरची. जड, महाग, पण रोजच्या कामाला टिकतात. सर्व्हिसचा धंदा करायचा असेल तर दुसरा प्रकार.

डब्यावर लिहिलेला दाब हा बहुतेक वेळा कमाल दाब असतो. तुम्ही बघायचा तो काम करतानाचा दाब आणि मिनिटाला किती लिटर पाणी. 150 बार म्हणजे साधारण 2,175 पीएसआय. ताज्या निलगिरीची आतली साल काढायला हे चालतं. सुकलेल्या जाड सालीला हे अपुरं पडतं.

नोझलचे रंग पाठ करा: लाल 0 अंश, पिवळा 15, हिरवा 25, पांढरा 40. लाल नोझल लाकडावर वापरू नका, रेषा कोरते. काम पिवळ्याने किंवा हिरव्याने करा. फवारा सरळ खाली न मारता तिरका, सालीच्या कडेखाली घाला, म्हणजे पाणी पाचरीसारखं आत शिरतं. रेषांच्या दिशेने चला. आडवं मारलं तर लाकडाचे तंतू उभे राहतात आणि नंतर पॉलिश पेपरचं काम वाढतं.

ट्रिगर सोडून मशीन चालूच ठेवायचं नाही, पंप तापतो. पाण्याशिवाय तर एक मिनिटही नाही, सील जातात. टाकीतून पाणी घेत असाल तर जाळी लावा, कारण सालीचा बारीक तंतू पंपात गेला की दुरुस्ती आलीच.

आता खरा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे रेट टाकून पुन्हा करा.

वासा धरू 10 फुटी, 6 इंच जाड. घेर साधारण 1.57 फूट, म्हणजे पृष्ठभाग 15.7 चौरस फूट. रेट वाशावर न लावता चौरस फुटावर लावा, नाहीतर 9 इंची वासे आले की घाटा तुमचा.

मशीन 8 लिटर प्रति मिनिट, 2.5 किलोवॉट, किंमत 25,000 आणि आयुष्य 500 तास धरू, म्हणजे तासाला 50 रुपये घसारा. टँकर 5,000 लिटरला 1,500, म्हणजे लिटरला 30 पैसे. वीज 10 रुपये युनिट.

पद्धत 1: पूर्ण साल मशीनने. एका वाशाला 20 मिनिटं, दिवसात प्रत्यक्ष फवारा 5 तास, म्हणजे 15 वासे.

- दोन मदतनीस: 1,200
- पाणी 2,400 लिटर: 720
- वीज 12.5 युनिट: 125
- घसारा: 250
- टेम्पो: 600
- नोझल, हातमोजे, किरकोळ: 150
- तुमची स्वतःची मजुरी: 1,000

एकूण 4,045. वाशाला 270 रुपये. त्यावर 20 टक्के नफा धरला तर 324, म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ 21 रुपये.

पद्धत 2: साल कोयत्याने, फिनिशिंग मशीनने. ताज्या निलगिरीची साल दोन जाणते हात दिवसाला 20 वाशांची सोलतात असं धरू. मागून तुम्ही प्रत्येक वाशावर फक्त 5 मिनिटं फवारा मारता. आतली चिकट साल, माती, काळे डाग निघून जातात.

- दोन सोलणारे: 1,200
- पाणी 800 लिटर: 240
- वीज 4.2 युनिट: 42
- घसारा: 85
- टेम्पो: 600
- किरकोळ: 100
- तुमची मजुरी: 1,000

एकूण 3,267. वाशाला 163. 20 टक्के नफ्यासकट 196, म्हणजे चौरस फुटाला साडेबारा.

बघा काय झालं. लाकूड तेच, मशीन तेच, पण पाणी वाशाला 160 लिटरवरून 40 लिटरवर आलं आणि भाव 324 वरून 196 वर. ताज्या लाकडाला कोयत्याशी मशीनची स्पर्धा लावू नका, मशीन हरतं. मशीनचं काम कोयत्यानंतर सुरू होतं.

आणि एक महत्त्वाचं. आपल्याकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या अनेकांना लाकडाचं काम वर्षानुवर्षं माहीत आहे. कुठली साल कुठून फाडायची ते त्यांचे हात सांगतात. त्यांना "मशीन बंद पडलं तर बोलवू" असं ठेवू नका. त्यांच्यावर धंदा उभा करा, वाशामागे रेट ठरवा आणि त्याच दिवशी पैसे द्या. चांगला सोलणारा माणूस टिकला तर तुमची वेळ पाळली जाते, आणि फार्महाऊसचा मालक वेळेलाच पैसे देतो.

पाणी: इथे विचार करा

कर्जत-खालापूरमध्ये पाऊस भरपूर, पण एप्रिल-मे आला की कितीतरी वाड्यांमधे बायका हंडे घेऊन लांब चालतात. अशा वेळी त्याच रस्त्यावर तुम्ही 2,400 लिटर पाणी सालीवर उडवत असाल तर लोक बघतात, आणि बरोबरच बघतात. गावच्या विहिरीचं किंवा नळपाणी योजनेचं पाणी या कामाला वापरायचं नाही. हा धंद्याचाही नियम समजा, कारण गावाशी वाकडं घेऊन सर्व्हिस चालत नाही.

उपाय सोपा आहे. प्लॅस्टिक ताडपत्रीवर उतार देऊन काम करा, पाणी दोन ड्रममधे जमवा. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यातून जाळी लावून परत घ्या. सगळं पाणी परत मिळणार नाही, पण टँकरचा खर्च उतरेल. सालीचा चोथा उल्हास किंवा पाताळगंगेला मिळणाऱ्या ओढ्यात ढकलू नका. सुकवला की चुलीला जातो.

साल काढून झाल्यावर

ओला वासा उन्हात टाकला की तडकतो, त्यात निलगिरी तर फारच. वासे सावलीत, खाली आडव्या फळ्या देऊन, मधे हवा खेळेल अशी थप्पी लावा. दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. टोकातून ओल वेगाने जाते आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

बोरॅक्स-बोरिकचं औषध ओल्या लाकडात चांगलं मुरतं, म्हणून ते साल काढल्याबरोबर. पण ते पावसाने धुवून जातं, त्यामुळे छपराखालच्या कामालाच. उघड्यावरच्या खांबाला प्रेशर ट्रीटमेंट केलेलं लाकूड घ्यायला सांगा. ऑइल किंवा पॉलिश मात्र लाकूड सुकल्यावरच. "आजच पॉलिश मारून द्या" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, कारण पापुद्रे निघाले की फोन तुम्हालाच येणार.

कायदा आणि सुरक्षा

लाकूड कुणाचं, कुठून आलं, हे विचारल्याशिवाय हात लावू नका. महाराष्ट्र झाडे तोडण्याचे विनियमन अधिनियम, 1964 प्रमाणे साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय आपल्या तालुक्यांचा काही भाग 2003 साली जाहीर झालेल्या माथेरान पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो. तिथे नियम आणखी कडक. मालकाकडून तोडीच्या परवानगीची आणि वाहतूक पासाची प्रत मागा, फाईलला लावा. शंका असेल तर वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, अर्धा तास जातो पण झोप लागते.

सुरक्षेत तडजोड नाही. हा फवारा कातडी फोडून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र नुकसान मोठं असतं. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना "प्रेशरचं पाणी आत गेलं" हे स्पष्ट सांगायचं. गमबूट, चष्मा, जाड हातमोजे कायम. वायरच्या मुळाशी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, जाड एक्स्टेंशन, जोड पाण्यात नाही. वासा घोडीवर पाचर मारून घट्ट बसवा. असा एक ओला वासा 50 किलोच्या पुढे भरतो, पायावर घरंगळला तर हंगाम घरात.

मग धंदा बसतो का?

फक्त सालीवर, नाही. गोल लाकडाचं काम सलग मिळत नाही. पण तेच मशीन पावसाळा संपल्यावर फार्महाऊसच्या फरशा, दगडी पायवाटा, गच्ची आणि कुंपणाच्या भिंतींवरचं शेवाळ काढायला चालतं. ऑक्टोबरपासून दिवाळीपर्यंत ही मागणी जोरात असते. म्हणजे शेवाळ हा रोजचा भात आणि साल काढणं ही वरची भाजी. मशीनचा हप्ता शेवाळातून निघाला पाहिजे. साल काढण्याचं काम तुम्हाला मिस्त्री, आर्किटेक्ट आणि रिसॉर्टवाल्यांपर्यंत पोहोचवेल.

या आठवड्याचा गृहपाठ. मशीन विकत घेऊ नका. आधी एक दिवस भाड्याने आणा, तीन ताजे वासे घ्या आणि घड्याळ लावून दोन्ही पद्धती करून बघा. मिनिटं, लिटर आणि मजुरी वहीत लिहा. मग तुमच्या परिसरातल्या पाच फार्महाऊसच्या केअरटेकरना भेटून विचारा, शेवाळाचं काम कोण करतं आणि किती घेतं. वहीतले आकडे जुळले तरच दुकानाची पायरी चढा. मशीन कुठे पळून जात नाही.