जुनी छापील पोथी कशी ओळखावी?

श्रोतेहो, देवगड, मालवण, वेंगुर्ले या आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत लाल फडक्यात बांधलेले एखादे दप्तर बहुधा असतेच. देवघराच्या कोनाड्यात, नाहीतर माळ्यावरच्या पेटाऱ्यात ते वर्षानुवर्षे पडून असते. चतुर्थीची साफसफाई निघाली म्हणजे ते खाली उतरते आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "ह्या सगळा कसर लागलेला, आता दर्यात सोडूक व्हया." पोथी पायदळी जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. पण दप्तरात काय होते, हे कोणी वाचलेले नसते. याच्या उलट एखाद्या घरी, "आमची पोथी सातशे वर्षांची" असे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि पाहू जावे तर ती मुंबईला छापलेली असते!

या दोन्ही गोष्टींचे कारण एकच. पोथीचे वय तिच्या रंगावरून ठरवायचे नसते; ते तिच्या अंगावर लिहिलेले असते, आणि ते वाचण्याची आपल्याला सवय नाही. आज आपण ही सवय करून घेऊ. त्यासाठी मुख्यतः एका जुन्या प्रकाशकाची पुस्तके समोर ठेवू. ते प्रकाशक म्हणजे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी. आपल्याकडचे चाकरमानी मुंबईहून बोटीने गावी येत, तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून अशी पुस्तकेही गावात उतरत.

पहिली गोष्ट अशी की, पोथी हाताने लिहिलेली आहे, शिळेवर छापलेली आहे की खिळ्यांनी छापलेली आहे, हे ठरवावे. शिळाछाप म्हणजे काय? गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने अक्षरे उतरवायची, दगड पाण्याने ओला करायचा आणि वर छपाईची शाई फिरवायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून शाई फक्त अक्षरांना धरते आणि कोरा भाग कोरा राहतो. ही युक्ती १७९६ च्या सुमारास बव्हेरियातील आलॉइस झेनेफेल्डर याने शोधून काढली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास अशा शिळेवर छपाई सुरू केली. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात.

शिळाछापाचे अक्षर मुळात लेखकाच्या हातचे असते. त्यामुळे पुष्कळ लोक अशी पोथी हस्तलिखित समजून बसतात. पारख सोपी आहे. हस्तलिखितात ओवीचे आकडे, दंड, अध्यायाचा शेवट हे बहुतेक वेळा तांबड्या शाईने काढलेले असतात. शिळाछापात बहुधा सगळे एकाच काळ्या शाईत असते. हस्तलिखितात बोरू बुडवला की अक्षर गडद आणि पुढे फिके होत जाते. शिळाछापात ही चढउतार दिसत नाही. खिळ्यांची छपाई आणखी वेगळी. एका पानावरचे चार 'क' घेऊन ताडून पाहा. चारही तंतोतंत सारखे असले, तर खिळे; थोडेथोडे निराळे असले, तर हात किंवा शिळा. शिवाय जुन्या खिळेछापाचे पान उलटे करून बोट फिरवले, तर अक्षरांचा दाब हाताला लागतो.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्याचा एक मान सांगितला पाहिजे. 'दर्पण' पत्र ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापून निघाली ती १८४५ साली, शिळाछापावर, आणि ती त्यांनीच काढली. पुढच्याच वर्षी ते वारले. तेव्हा शिळाछापाची फाटकी पाने दिसली की निदान आपल्या जिल्ह्यात तरी हात जरा थांबवावा.

आता जावजी दादाजींकडे वळू. त्यांचा जन्म १८३९ चा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात साध्या कामगिरीवर लागून ते खिळ्यांचे काम शिकले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू या कसबी सोबत्याने कोरलेले ठसे इतके रेखीव होते की निर्णयसागरचे बारीक अक्षरही डोळ्यांना टोचत नाही. संस्कृत ग्रंथांची 'काव्यमाला' त्यांनी १८८६ साली सुरू केली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. ज्यांच्या घरी भिक्षुकी किंवा वैद्यकी होती, त्यांच्याकडे या छापखान्याचे एखादे पुस्तक मिळण्याचा संभव पुष्कळ.

निर्णयसागरच्या पुस्तकाचा काळ ओळखण्याची एक खूण म्हणजे मालकाचे नाव. जावजी १८९२ साली वारले. तोपर्यंतच्या पुस्तकांवर जावजी दादाजी हे नाव असते. त्यानंतर तुकाराम जावजी हे नाव येते. १९२० नंतरच्या दशकात पांडुरंग जावजी दिसतात, आणि १९४० नंतरच्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग. समजा, सन छापलेला कोपरा कसरीने खाल्ला आहे; तरी एवढ्या नावावरून पुस्तक कोणत्या पिढीतले ते कळते.

सन शाबूत असेल, तर तो नीट वाचावा. पुष्कळदा तो शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषापासून पुढच्या महिन्यांना ७९ मिळवावे. म्हणजे शके १८०६ हे १८८४-८५ झाले. नुसत्या संवत्सराच्या नावावर मात्र विसंबू नये, कारण तेच नाव साठ वर्षांनी फिरून येते. विश्वावसु संवत्सर १८४५ साली होते, तसेच १९०५, १९६५ आणि २०२५ सालीही होते.

याहून मोठा घोटाळा ग्रंथाच्या शेवटच्या ओव्यांमुळे होतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ असे साल आहे. श्रीधरांच्या शिवलीलामृताच्या अखेरीस शके १६४०. ही साले ग्रंथ रचल्याची आहेत, छापल्याची नव्हेत. ती ओवी प्रत्येक आवृत्तीत असणारच. सातशे वर्षांची पोथी निघते ती इथून! छापल्याचे साल पहिल्या पानावर, नाहीतर अगदी शेवटी, छापखान्याच्या नावाजवळ शोधावे.

तिसरी खूण कायद्याची. १८६७ साली सरकारने पंचविसावा आक्ट केला. त्याअन्वये छापणाराचे नाव आणि छापल्याचे ठिकाण पुस्तकावर देणे भाग पडले आणि पुस्तकांची सरकारात नोंद होऊ लागली. 'हे पुस्तक १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे' अशा अर्थाचा मजकूर दिसला, की पुस्तक त्या सालानंतरचे, हे निश्चित. तसेच मागची जाहिरातीची पाने फाडू नयेत. प्रकाशकाने आपल्या इतर पुस्तकांची यादी आणि किंमत तेथे दिलेली असते. यादीतल्या सर्वांत अलीकडच्या पुस्तकाचे साल कळले, तर आपली प्रत त्याच्या आधीची नाही, एवढे ठरते.

आता कोणी विचारील, याचे पैसे किती येतील? जुने ते सगळेच दुर्मिळ नसते. जे पुस्तक हजारोंनी खपले, त्याची प्रत शंभर वर्षांची असली तरी गावोगाव सापडते. उलट एखाद्या मासिकाचा सुटा अंक, जुने पंचांग, शाळेचे क्रमिक पुस्तक वापरून फेकले गेले, म्हणून आज मिळत नाही. आणि पहिल्या कोऱ्या पानावर पणजोबांनी लिहिलेले नाव, विकत घेतल्याची तारीख, दिलेले आणे, हे तर दुसऱ्या कोणत्याच प्रतीत नसते. संग्रह करायचा तो यासाठी.

संग्रहाला खर्च फारसा नाही. काळजी मात्र हवी. आपल्याकडे चार महिने हवा दमट. पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. आतला दमट वास बुरशीचा निरोप असतो. दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर पाने मोकळी करावी. कडक उन्हात कागद ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती पुढे पिवळी पडून अक्षरच ओढून नेते. स्वच्छ सुती फडक्यात बांधून भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. वाळवी भिंतीतून येते.

शिक्षकबंधूभगिनींनो, यात आपले काम मोठे आहे. हस्तलिखितांसाठी सरकारने २००३ साली राष्ट्रीय मोहीम काढली. पण तिच्या व्याख्येत शिळाछाप आणि छापील पुस्तके बसली नाहीत. म्हणजे त्यांचा वाली घरधनीच. शाळेतल्या मुलांना एक वही करायला सांगा. घरातल्या प्रत्येक जुन्या पुस्तकाचे नाव, कर्ता, छापणारा, छापल्याचे ठिकाण, शक किंवा सन, आवृत्ती आणि पाने किती, एवढ्या सात गोष्टी मुलांनी त्यात उतरून आणाव्या. पुस्तक घरीच राहू द्यावे. मग ती यादी शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'शी ताडावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची नोंद आहे. आपल्या जिल्ह्यात सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासूनचे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ पासूनचे. घरात ठेवणे ज्यांना खरोखरच अशक्य आहे, त्यांनी अशा ग्रंथालयात आधी विचारावे.

पोथी समुद्रात सोडणे हा शेवटचा निरोप असतो. तो देण्यापूर्वी तिचे पहिले आणि शेवटचे पान एकदा मोठ्याने वाचावे आणि वहीत उतरून घ्यावे, एवढीच विनंती. त्यानंतर ती पाण्यात सोडायची की घरात ठेवायची, हे आपण जाणतेपणाने ठरवू.