न विझणारी पणती : हलत्या चित्रांना कला म्हणावे का?

मंडळी, रोज सकाळी तुमच्या मोबाइलवर एक पणती येते. ज्योत थरथरते आणि पुन्हा पहिल्यापासून थरथरते. आम्ही या 'जिफ'ला बरीच वर्षं हसलो. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हसायला काय लागतं!

आधी ही वस्तू समजून घेऊ. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने हा चित्रप्रकार आणला. एका चित्रात फार तर २५६ रंग, आवाज नाही. पण एकाच फाइलीत अनेक चित्रं ठेवता येतात. पुढे नेटस्केप ब्राउझरने ती अखंड फिरवत ठेवण्याची सोय केली.

कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका'चे खेळ करत. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था भराभर बदलल्या, की पात्र हललंच म्हणून समजा.

त्याहून जुना दाखला गौडपादांच्या कारिकांत आहे, अलातचक्राचा. पेटतं कोलीत गरगर फिरवलं की अग्नीचं वर्तुळ दिसतं. वर्तुळ कोलतीत नसतं. मग ते असतं कुठे? जिफ पाहतानाही हाच प्रश्न विचारायचा. हलणं चित्रांत नाही, ती प्रत्येक स्थिरच आहेत. हलणं पाहणाऱ्याकडून येतं.

आक्षेप असा, की ज्याला शेवट नाही त्यात कला कसली? नाटकाला पडदा पडतो, रागाला तिहाई लागते. इथे नुसतं तेच ते! आता मांडवीच्या जेटीवर जाऊन उभे राहा. लाटाही पुन्हा पुन्हा येतात, पण आलेली लाट परत येत नाही. जिफमध्ये तीच लाट येते, तंतोतंत. म्हणून ह्यूमचं म्हणणं इथे लागू पडतं : पुनरावृत्तीने वस्तूत काही बदलत नाही, बदल होतो तो पाहणाऱ्याच्या मनात.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं होतं, पटलं मात्र उशिरा. आमची थोरली बहीण रोज पहाटे पणती पाठवायची. आम्ही उत्तर देत नसू. ती गेली, त्याला दोन वर्षं झाली. शेवटची पणती मोबाइलमध्ये अजून थरथरते आहे. चित्र तेच, रंगही तेच भडक. आम्हीच पूर्वीचे राहिलो नाही.

म्हणून ती पणती कलाकृती ठरते का? नाही. तिथे आमचं दुःख बोलतं, चित्र नव्हे. ही गल्लत करू नये. कलेची कसोटी वेगळी : जिथे कसलीच आठवण जोडलेली नाही, अशा परक्याच्या जिफलाही दहाव्या फेऱ्यात काही नवं दिसतं का? बहुतेक जिफ तिसऱ्या फेऱ्यातच संपतात. जे टिकतात, त्यांच्या कर्त्याने हजार क्षणांतून पुन्हा पाहण्याजोगा एक क्षण निवडलेला असतो. ती निवड म्हणजे कला.

आणि पणती आली, तर उत्तर मात्र द्या. तो कलेचा प्रश्न नाही.