पाच बोर्ड मागवण्याआधी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींची सुरुवात बहुधा झिरो पीसीबीपासूनच, म्हणजे नुसती छिद्रं असलेल्या कोऱ्या बोर्डापासूनच होते. दोन-चार एलईडी लुकलुकवायला तो पुरतो. पण सेन्सर, रिले आणि मायक्रोकंट्रोलर एकत्र आले की मागे वायरींचं जंजाळ होतं आणि कच्चं सोल्डरिंग शोधण्यातच संध्याकाळ सरते. अशा वेळी आपल्या सर्किटचा बोर्ड कारखान्यातूनच बनवून घ्यावा. आता ते परवडतं.

परवडतं, कारण कारखाना तुमचा बोर्ड एकटा बनवत नाही. एका मोठ्या पॅनेलवर अनेक गिऱ्हाइकांची डिझाइन्स शेजारी शेजारी बसवली जातात आणि तयारीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळेच १०० बाय १०० मिलिमीटरपर्यंतचे, दोन थरांचे पाच बोर्ड चीनमधल्या शेन्झेनहून काही डॉलरांत मिळतात. १.६ मिलिमीटर जाडी, ३५ मायक्रॉन तांबं, हिरवा रंग हा नेहमीचा मेळ. त्याबाहेर काही मागितलं की पॅनेल बदलतं आणि बहुधा भावही. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मात्र आधीच हिशेबात धरावी. कधी कधी ती बोर्डांपेक्षा जड जाते.

डिझाइनसाठी कीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातून प्रत्येक थराची गर्बर फाइल आणि छिद्रांची ड्रिल फाइल काढायची, झिप करून पाठवायची. कारखाना ट्रॅक फार बारीक नाहीत ना, छिद्रं कडेला नाहीत ना, एवढंच पाहतो. सर्किट चालेल का, हे पाहणं त्याचं काम नाही.

उदाहरणार्थ, बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्या. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला तशाच असलेल्या २एन३९०४चा क्रम नेमका उलटा. सॉफ्टवेअरमध्ये एकाचा फूटप्रिंट, म्हणजे पायांची मांडणी, निवडला आणि हाताशी दुसरा असला, तरी कुठलीही तपासणी हरकत घेत नाही.

म्हणून ऑर्डरआधी डिझाइन कागदावर शंभर टक्के आकारात छापावं. कनेक्टर, आयसी, रिले त्यावर प्रत्यक्ष ठेवून पाहावेत आणि ट्रान्झिस्टरचे पाय डेटाशीटशी ताडावेत. कागदावरची चूक खोडता येते. फाइलमध्ये राहिलेली चूक पाचही बोर्डांवर सारखीच उतरते.