कर्जकराराबाहेरची माणसे

गरीब देशांत कारखाना, बंदर किंवा वीजप्रकल्प उभारू पाहणाऱ्या खासगी कंपनीला दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायला स्थानिक बँका असमर्थ असतात आणि परदेशी बँका कचरतात, तेव्हा विकास वित्त संस्था पुढे येते. म्हणजे सरकारांच्या भागभांडवलावर उभी असलेली, पण कर्ज देताना त्या देशाच्या सरकारची हमी न मागणारी संस्था. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ १९५६ साली याच हेतूने स्थापन झाले. कंपन्यांचे समभाग घेण्याची मुभा त्याला १९६१ मध्ये मिळाली आणि पुढे मुंबईच्या एचडीएफसीच्या आरंभीच्या भांडवलातही त्याने वाटा उचलला.

या महामंडळाचे खरे बळ मात्र पैशापेक्षा अटींत आहे. जमीन, प्रदूषण आणि विस्थापन यांविषयीची त्याची मानके कर्जकरारातच गोवलेली असतात, त्यामुळे ती न पाळणाऱ्या ऋणकोचे पुढचे हप्ते रोखता येतात. ही कल्पना निःसंशय मोलाची आहे. प्रश्न एवढाच, की करारावर सह्या धनको आणि ऋणको या दोघांच्याच असतात.

कच्छमधील मुंद्रा येथे, महाराष्ट्रासह पाच राज्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा पॉवरच्या उपकंपनीने उभारलेल्या ४,००० मेगावॉटच्या कोळसा प्रकल्पाला महामंडळाने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या किनाऱ्यावर वाघेर मच्छीमार वर्षातील बरेच महिने बंदरावरच्या झोपड्यांत राहून मासे पकडतात व वाळवतात. त्यांतले पगडिया तर होडीविना, ओहोटीच्या चिखलात पायी जाऊन जाळी लावतात. यंत्रे थंड करून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्यामुळे किनाऱ्याजवळची मासळी घटली आणि वाळत घातलेल्या मासळीवर कोळशाची धूळ बसते, अशी तक्रार त्यांच्या संघटनेने २०११ मध्ये महामंडळाच्या लोकपालाकडे नेली. हंगामी वस्ती करणाऱ्या या समाजाचा पुरेसा विचार महामंडळाने केला नाही, असा निष्कर्ष लोकपालाने २०१३ मध्ये काढला. परंतु त्याला दोष दाखवता येतो, भरपाईचा आदेश देता येत नाही.

तेव्हा मच्छीमार व शेतकरी अमेरिकेतील न्यायालयात गेले. आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यांपासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ७ विरुद्ध १ मतांनी दिला. तथापि खटल्याचे मूळ भारतातील कृतींत आहे, या कारणावरून कनिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला, अपिलातही तेच कायम राहिले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणी घेण्यास नकार दिला. ज्या मानकांच्या भरवशावर ते कर्ज दिले गेले होते, ती पाळली गेली की नाही याचा निवाडा त्या न्यायालयांत झालाच नाही.