धार नेमकी लागते कुठे?

सुरी दगडावर घासली की धार लागते, हा समज अर्धाच खरा. पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. रेघ जितकी बारीक, तितका हाताचा जोर कमी जागेवर एकवटतो आणि टोमॅटोची साल न दबता कापली जाते.

सगळ्यात महागात पडते ती कोनाची चूक. घरच्या सुरीला दोन्ही बाजूंनी साधारण १५ ते २० अंश पुरतात. दर घासणीला कोन बदलला तर रेघ गोलसर होते. उतारावर मार्करने रंग फासा, दोन-चारदा घासा. रंग कडेपासून लांबच गेला तर सुरी फार आडवी धरली आहे, फक्त कडेवरून गेला तर फार उभी.

दुसरी चूक लवकर थांबण्याची. एका बाजूने घासताना पोलाद पलीकडे किंचित वळतं. ती खरखर मुठीपासून टोकापर्यंत जाणवल्याशिवाय बाजू बदलू नये. (बोट पाठीकडून कडेकडे फिरवा, धारेच्या लांबीवरून कधीच नको!) शेवटी अगदी हलक्या हाताने, बाजू आलटून पालटून ती काढायची. राहिली तर सुरी एखादा दिवस छान चालते आणि मग बोथटते.

वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकाशी मात्र जपून. कड निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं. तिथे धार टिकत नाही. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरू नका, खाली लाकडी फळी घ्या.