कोर्टातली केस मिटली, तरी सिबिलवर ‘सूट फाइल्ड’ का दिसतं? जुनी नोंद दुरुस्त करण्याची संपूर्ण प्रक्रिया

थकलेलं कर्ज, बँकेने टाकलेला दावा आणि कोर्टाचा हुकूमनामा. पैसे भरून हा विषय संपला असं अनेक जण धरून चालतात. मग काही वर्षांनी गृहकर्जासाठी अर्ज करतात आणि बँक क्रेडिट रिपोर्टवरच्या ‘सूट फाइल्ड’, म्हणजे ‘दावा दाखल’ या शेऱ्याकडे बोट दाखवते. असं का होतं आणि त्यावर उपाय काय?

कोर्ट सिबिलला काही कळवतं का?

नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांकडे कर्जाची माहिती जाते ती बँका आणि फायनान्स कंपन्यांकडून. दाव्याचा शेरा बँकेने पाठवलेला असतो, त्यामुळे तो काढण्याची माहितीही बँकेनेच पाठवावी लागते. कोर्टाची फाइल आणि क्रेडिट रिपोर्ट ही दोन वेगळी दप्तरं आहेत. एक बंद केलं म्हणून दुसरं आपोआप बंद होत नाही.

‘सात वर्षांनी सगळं पुसलं जातं’, हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. क्रेडिट माहिती ‘किमान’ सात वर्षं जपून ठेवावी, असा नियम आहे. सात वर्षांनी ती पुसलीच पाहिजे, असं त्यात म्हटलेलं नाही. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत बँक त्या खात्याची माहिती पाठवत राहू शकते.

दुसरीकडे, मुदत कायद्यानुसार पैशांच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. समजा, ८० हजारांच्या कर्जाचा हुकूमनामा मार्च २०१७ मध्ये झाला. बँक मार्च २०२९ पर्यंत वसुलीची दरखास्त दाखल करू शकते. म्हणजेच नुसतं थांबून राहणं हा उपाय नाही.

आधी काय तपासायचं?

- चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा. एकीकडे नोंद दुरुस्त झालेली आणि दुसरीकडे जुनीच, असं होऊ शकतं.
- ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपवर आपल्या नावाने किंवा सीएनआर क्रमांकाने केस शोधा. निकालाची तारीख आणि दरखास्त प्रलंबित आहे का, ते पाहा.
- कर्ज सहकारी बँकेचं असेल तर दावा दिवाणी कोर्टात नसेलही. महाराष्ट्रात सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्याची चौकशी उपनिबंधक कार्यालयात करा.

निकाल एकतर्फी लागला असेल तर?

पत्ता बदलला, समन्स मिळालंच नाही आणि निकाल परस्पर लागला, असंही घडतं. असा हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत निकालापासून ३० दिवस आहे. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवस मिळतात. त्यामुळे अ‍ॅपवर अनोळखी केस दिसली, तर त्याच आठवड्यात वकील गाठा.

पैसे भरले, पुढे काय?

१. पावती आणि ‘नो ड्यूज’ पत्र लेखी घ्या. वसुली एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका.

२. पैसे कोर्टाबाहेर भरले असतील, तर त्याची नोंद कोर्टात करून घ्या. नोंद नसलेली फेड अंमलबजावणी करणारं कोर्ट विचारात घेत नाही. ही नोंद बँकेने करून द्यायची असते. ती टाळत असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, पण पैसे भरल्यापासून ३० दिवसांच्या आत.

३. दाव्याचा शेरा काढून खातं बंद दाखवावं, असा लेखी अर्ज बँकेला द्या. सोबत कागदपत्रं जोडा आणि पोच घ्या.

४. क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’ नोंदवा. ही सुविधा मोफत आहे.

बँक दादच देत नसेल तर?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने दुरुस्त माहिती २१ दिवसांत पाठवली नाही, तर भरपाई बँक देते. बँकेने वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनीने उशीर केला, तर कंपनी देते. तरीही काम झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

लोकअदालतीत तडजोड करताना हे लक्षात ठेवा

कमी रकमेत तडजोड केली तर रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ नाही, तर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पूर्ण पैसे फेडले नाहीत, असाच त्याचा अर्थ नवी बँक काढते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे दाव्याचा शेरा बँक कधी काढणार, हे सही करण्याआधीच तडजोडीत लिहून घ्या.

‘पाच हजारांत सिबिल साफ’ अशा जाहिरातींपासून मात्र लांबच राहा. खरी नोंद पैसे घेऊन कोणीही पुसू शकत नाही. आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.