पॅलॅडियम उत्प्रेरक, बहुवारिक-आधारित

कार्बनी संयुगांच्या संश्लेषणात वापरला जाणारा व विक्रियेनंतर गाळून पुन्हा वापरता येणारा घन उत्प्रेरक. यात पॅलॅडियम बहुवारिकाच्या न विरघळणाऱ्या कणांना बद्ध केलेले असते.

आर. एफ. हेक, ई. नेगिशी व ए. सुझुकी (२०१० चे नोबेल पारितोषिक) यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कार्बन-कार्बन बंध जुळविण्याच्या विक्रियांत पॅलॅडियम बहुधा विरघळलेल्या जटिलाच्या रूपात वापरतात. विक्रिया त्यामुळे सुलभ होते. परंतु हा महाग धातू तयार झालेल्या पदार्थात मिसळून राहतो. औषधनिर्मितीत हा दोष गंभीर ठरतो. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पोटात घ्यावयाच्या औषधांतून दररोज १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलॅडियम शरीरात जाऊ नये.

रचना : आर. बी. मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये पेप्टाइडांच्या संश्लेषणासाठी योजिलेले क्लोरोमिथिल पॉलिस्टायरीन हा एक प्रचलित आधार होय. त्याच्या शृंखला डायव्हिनिल बेंझिनाने एकमेकींस जोडलेल्या असल्याने कण विद्रावकात फुगतात, पण विरघळत नाहीत. क्लोरीन अणूंच्या जागी फॉस्फीन किंवा कार्बीन गट बसवून त्यांना पॅलॅडियम जोडतात.

मुंबईत डिलाईल रोड (ना. म. जोशी मार्ग), लालबाग, परळ हा कापडगिरण्यांचा भाग होता. त्याच्या उत्तरेस माटुंगा येथे असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा प्रारंभ १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून झाला. वस्त्ररसायन हा तेथील आरंभीच्या विषयांपैकी एक. याच संस्थेत भालचंद्र भानगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुवारिक-आधारित पॅलॅडियम-कार्बीन जटिल कार्बोनिलीकरणासाठी वापरले आहे.

परीक्षण : उत्प्रेरक किती वेळा वापरला, एवढ्यावरून त्याचा टिकाऊपणा सिद्ध होत नाही. अरिल हॅलाइडाशी संयोग होताना पॅलॅडियम आधारापासून सुटून विद्रावात येऊ शकते व विक्रियेअखेर पुन्हा कणांवर बसू शकते. अशा वेळी खरे कार्य विरघळलेला धातूच करीत असतो. म्हणून विक्रिया अर्धवट झाली असता मिश्रण गरम असतानाच गाळतात. गाळलेल्या द्रवात विक्रिया पुढे चालू राहिल्यास धातू सुटला असे ठरते. तसेच विक्रिया पूर्ण होऊ दिल्यास मंदावलेला उत्प्रेरकही पूर्ण उतारा देतो. म्हणून प्रत्येक फेरीत आरंभीचा वेग मोजावा लागतो. पदार्थात उरलेल्या पॅलॅडियमाचे मापन ही अखेरची कसोटी होय.